कंपोस्टेबल, पण कुठे?

मिठाईच्या दुकानात, औषधवाल्याकडे, भाजीच्या गाडीवर आता सर्रास एक पातळ, थोडी दुधाळ, हाताला मऊ लागणारी पिशवी मिळते. तिच्यावर हिरव्या शाईत एखादे पान छापलेले असते आणि शेजारी ‘कंपोस्टेबल’ किंवा ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द असतो. घेणाऱ्याला वाटते की ही पिशवी कुठेही टाकली तरी काही दिवसांत मातीत मिसळून जाईल. देणाऱ्यालाही बहुधा तसेच वाटत असते. माझे म्हणणे असे, की या शब्दाचा जो अर्थ प्रयोगशाळेत आणि प्रमाणपत्रात आहे, तो बाजारात पोहोचताना अर्ध्यावरच गळून पडला आहे. उरलेल्या अर्ध्या अर्थावर आपण कायद्यातली सवलत, ग्राहकाचा विश्वास आणि शहराचे कचरा-नियोजन उभे केले आहे. ‘कंपोस्टेबल’ हा वस्तूचा स्वतंत्र गुण नव्हे. वस्तू आणि तिला मिळणारी जागा या दोघांची मिळून ती एक अट आहे. जागेचा पत्ता न देता तो शब्द पिशवीवर छापू देणे बंद झाले पाहिजे.

आधी त्या शब्दामागचे मोजमाप पाहू. कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी भारताने आयएसओ १७०८८ हे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले आहे. युरोपातले ईएन १३४३२ आणि अमेरिकेतले एएसटीएम डी ६४०० त्याच जातीचे. त्यातली मुख्य चाचणी अशी: प्लास्टिकचा नमुना तयार, पक्व खतात मिसळायचा, त्याला ओल आणि हवा पुरवायची, तापमान सुमारे ५८ अंश सेल्सिअसवर धरून ठेवायचे आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजत राहायचे. १८० दिवसांच्या आत नमुन्यातल्या ९० टक्के कार्बनचे वायूत रूपांतर झाले पाहिजे. शिवाय ८४ दिवसांनंतर ते खत २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळल्यावर मूळ वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे वर राहता कामा नयेत. जड धातूंची मर्यादा वेगळी आणि त्या खतात रोपे नीट उगवतात का, ही परीक्षा वेगळी. हे मानक काटेकोर आहे, प्रामाणिक आहे, आणि त्याने कधीही असे म्हटलेले नाही की ही वस्तू रस्त्याकडेला, नाल्यात किंवा परसात विरघळेल. सतत धरलेले ५८ अंश, ओल, खेळती हवा आणि सूक्ष्मजीवांची दाट वस्ती एवढे सगळे जिथे एकत्र मिळते, त्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पापुरतेच ते बोलते. शिवाय प्रमाणपत्र तपासलेल्या जाडीपुरते असते. पातळ फिल्मने परीक्षा पार केली म्हणून त्याच मालाचा जाड चमचा आपोआप पार होत नाही.

हे ५८ अंश इतके महत्त्वाचे का, ते रसायनात आहे. कंपोस्टेबल पेले, चमचे, स्ट्रॉ यांत मुख्यतः पीएलए हे प्लास्टिक वापरतात. मका किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करून त्याच्या लांब साखळ्या बांधतात. या साखळ्या सूक्ष्मजीवांना थेट खाता येत नाहीत. आधी पाण्याने त्या तुटाव्या लागतात आणि ही तोड साधारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास वेग घेते, कारण त्याखाली पीएलए काचेसारखे ताठर राहते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून प्रकल्पाच्या गरम ढिगात काही आठवड्यांत चुरा होणारा पेला थंड मातीत किंवा समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे पेलाच राहू शकतो. पिशव्यांत बहुधा पीबीएटी नावाचे दुसरे प्लास्टिक असते, त्यात स्टार्च किंवा थोडे पीएलए मिसळलेले. त्याची गंमत अशी की ते मुख्यतः खनिज तेलापासून बनते आणि तरीही त्याचे जैविक विघटन होते. उलट ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून बनवलेले पॉलिथिन शंभर टक्के वनस्पतिजन्य असूनही नेहमीच्या पॉलिथिनइतकेच चिवट असते. ‘बायोप्लास्टिक’ या एका शब्दाखाली ही दोन्ही खपतात. कशापासून बनले आणि शेवटी त्याचे काय होईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मक्यापासून बनले एवढे ऐकून आपण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरतो. हापूस अढीत पिकतो, शीतगृहात नाही, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. या पिशवीलाही तशीच अढी लागते, हे मात्र कुणी सांगतच नाही.

अढी नसली तर काय होते, याचा पुरावा आहे. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळे दावे करणाऱ्या पिशव्या उघड्या हवेत, मातीत आणि समुद्रात तीन वर्षे ठेवल्या; निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बायोडिग्रेडेबल’ असे छापलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही किराणा उचलण्याइतकी मजबूत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती जागेवर होती. फक्त वजन पेलत नव्हती. एकच पिशवी, दोन जागा आणि दोन संपूर्ण वेगळी उत्तरे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने नागरिकांना सोबत घेऊन केलेल्या घरगुती कंपोस्टच्या पाहणीत, २०२२ च्या अहवालानुसार, घरी कंपोस्ट होते असे प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंपैकीही ६० टक्के पूर्णपणे मोडल्या नव्हत्या. घरगुती प्रमाणपत्राची चाचणी तर मुळात २० ते ३० अंशांवर होते, म्हणजे औद्योगिक प्रमाणपत्रापेक्षा ती घरच्या ढिगाच्या प्रत्यक्ष परिस्थितीच्या कितीतरी जवळ जाणारी.

महाराष्ट्रात आपण ओल्या कचऱ्याचे खत कसे करतो ते या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. गच्चीवरची बास्केट, सोसायटीतला विटांचा हौद, गावाकडचा खड्डा यांत ढीग लहान असतो, त्यामुळे उष्णता टिकत नाही. ५८ अंश अनेक आठवडे धरून ठेवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. गांडूळखत ही आपल्याकडे सर्वांत रुजलेली पद्धत, आणि तिथे तर तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ न देणे हाच नियम, नाहीतर गांडुळे मरतात. म्हणजे ज्या निष्ठावान नागरिकाने ‘कंपोस्टेबल’ हा शब्द वाचून पिशवी आपल्या गांडूळखतात टाकली, त्याने शब्दावर विश्वास ठेवला आणि शब्दाने त्याला फसवले. शहरांतल्या बायोगॅस प्रकल्पांत हवेशिवाय, बहुतेकदा ३५ ते ४० अंशांवर काम चालते. तिथे पीएलए फार सावकाश मोडते आणि कुठलीही फिल्म ढवळणीच्या पात्यांना गुंडाळते, म्हणून ती आधीच काढून टाकावी लागते. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पांत ढिगाचे तापमान पुरेसे चढते, हे खरे. पण तिथेही ढीग साधारण चार-पाच आठवडे उलटापालट करून मग चाळला जातो आणि मानकाने तुकडे होण्यासाठी ८४ दिवस दिलेले आहेत. त्याहून साधी अडचण त्याच्या आधी, पट्ट्यावर उभे राहून कचरा वेगळा करणाऱ्या हातांची आहे. समोरून जाणारी चिखललेली पिशवी कंपोस्टेबल आहे की पॉलिथिनची, हे त्या बाईने कसे ओळखावे? ती दोन्ही बाजूला काढते आणि तिचे बरोबरच आहे. ती पिशवी मग कचराभूमीत जाते. तिथे हवा नसलेल्या थरात ती मोडली नाही तर पॉलिथिनसारखी पडून राहील आणि मोडली तर मिथेन सोडेल. दोन्ही शक्यतांत हिरव्या अक्षरांतले आश्वासन पाळले जात नाही.

हा सगळा प्रकार निव्वळ गैरसमजातून झालेला नाही. त्याला कायद्याने दिलेली किंमत आहे. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईचे तुंबलेले नाले आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांची चर्चा झाली, २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणासाठी राज्याने कायदा केला आणि त्याच कायद्याखाली मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्मोकोलबंदीची अधिसूचना निघाली. रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणी यांसाठी कंपोस्टेबल पिशव्यांना तेव्हा मर्यादित सूट होती. २०२२ च्या अखेरीस राज्याने ती वाढवली आणि प्रमाणित कंपोस्टेबल मालाच्या ताटल्या, पेले, चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तूंनाही परवानगी दिली. केंद्राच्या नियमांत पॉलिथिनच्या कॅरी बॅगची किमान जाडी आधी ५० मायक्रॉन होती, सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ झाली आणि डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. कंपोस्टेबल पिशवीला जाडीची ही अट लागूच नाही. याचा बाजारातला अर्थ स्पष्ट आहे: पातळ पिशवी कायदेशीरपणे विकायची असेल तर तिच्यावर तो शब्द हवा. खरा कंपोस्टेबल दाणा पॉलिथिनच्या दाण्यापेक्षा महाग, त्यामुळे साध्या पॉलिथिनवर हिरवे पान छापून विकण्याचा मोह तितकाच मोठा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आणि त्याचा क्रमांक पिशवीवर असणे बंधनकारक आहे, पण बाजारात उभा असलेला ग्राहक किंवा पालिकेचा निरीक्षक तो क्रमांक खरा आहे का हे पिशवीकडे पाहून सांगू शकत नाही. पीएलए आणि पीबीएटी डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळतात, पॉलिथिन विरघळत नाही. हा साधा फरक वापरून जागेवर प्राथमिक तपासणी होऊ शकते आणि ती नियमितपणे व्हायला हवी. पण त्याने फक्त खोटा शब्द पकडला जाईल. खरा शब्द अपुरा आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

‘बायोडिग्रेडेबल’ची अवस्था याहून वाईट. पॉलिथिनमध्ये कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घालून ते उन्हात ठिसूळ करायचे, तुकडे झाले की त्याला विघटन म्हणायचे, असा ‘ऑक्सो’ प्लास्टिकचा धंदा जगभर अनेक वर्षे चालला. तुकडे होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे; वेचता येणारी एक पिशवी जाऊन वेचता न येणारे हजार कण मातीत राहतात. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा प्लास्टिकवर बंदी घातली. आपल्या नियमांत २०२२ मध्ये बायोडिग्रेडेबल प्लास्टिकची व्याख्या आली आणि मार्च २०२४ च्या दुरुस्तीत तिला अधिक धार आली: माती, कचराभूमी, गोडे पाणी, समुद्र अशा विशिष्ट परिसरात, सूक्ष्म प्लास्टिक मागे न ठेवता ज्याचे जैविक विघटन होते ते. ‘विशिष्ट परिसरात’ हे शब्द कायद्यानेच लिहिले आहेत. म्हणजे मी जे मागतो आहे ते तत्त्व मान्य झालेले आहे. फक्त ते राजपत्रातून पिशवीवर उतरलेले नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की काही झाले तरी ही पिशवी पॉलिथिनपेक्षा बरी. शंभर वर्षे पडून राहण्यापेक्षा दोन-तीन वर्षांत गेली तर वाईट काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. पण प्लास्टिकबंदी आपण ज्या कारणांसाठी मागितली ती आठवावीत. नाला तुंबतो तो काही तासांत; पिशवी दोन वर्षांनी मोडणार आहे याचा त्या पावसाला उपयोग नाही. गाईच्या पोटातले तापमान ३९ अंशांच्या आसपास असते आणि ५८ अंशांच्या खतातले प्रमाणपत्र तिच्या पोटाबद्दल काहीही सिद्ध करत नाही. आणि एका बाबतीत ही पिशवी पॉलिथिनपेक्षा कमी पडते: तिला भंगारात भाव नाही. जाड पॉलिथिन कचरावेचक उचलतात, कारण त्याचे पैसे येतात. कंपोस्टेबल फिल्म भंगारवाला घेत नाही, आणि चुकून घेतली तर पॉलिथिनच्या गठ्ठ्यात मिसळून पुढे बनणाऱ्या दाण्याची प्रत उतरवते. पीएलएची बाटली किंवा पेला पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकसारखाच दिसतो आणि पीईटीच्या पुनर्वापरात थोडासा मिसळला तरी माल धुरकट होतो. ज्या कष्टकऱ्यांच्या जिवावर आपल्या शहरांचा सुका कचरा हलतो, त्यांच्या हातात आपण एक अशी वस्तू देतो आहोत जी त्यांना काही देत नाही आणि त्यांच्या मालाची किंमत मात्र घटवते. ‘बरी’ हे कुणाच्या दृष्टीने, हेही विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोष शब्दाचा नाही, प्रकल्प नसण्याचा आहे; प्रकल्प उभारा. इटलीचे उदाहरण या बाजूने देता येते आणि ते खरोखर चांगले उदाहरण आहे. इटलीने २०११ पासून हलक्या कॅरी बॅगांत कंपोस्टेबल सक्तीची केली, २०१८ पासून भाजी-फळांच्या पिशव्यांनाही तो नियम लावला. पण मिलान शहराने २०१२ पासून टप्प्याटप्प्याने घरोघरचा अन्नकचरा वेगळा गोळा करायला सुरुवात केली आणि तीच पिशवी त्या डब्याचे अस्तर ठरवली. बाजारातून भाजी आणलेली पिशवी घरात ओल्या कचऱ्याला लागते, त्या कचऱ्यासोबत बर्गामोजवळच्या माँतेल्लोच्या प्रकल्पात जाते. तिथे शब्द खरा ठरतो, कारण पिशवीचा शेवटचा पत्ता आधी ठरला आणि शब्द नंतर छापला गेला. उलट जर्मनीतल्या अनेक शहरांत प्रमाणित कंपोस्टेबल पिशवीही जैव कचऱ्याच्या डब्यात टाकू नका असे सांगितले जाते, कारण तिथल्या प्रकल्पांच्या वेळापत्रकात ती बसत नाही. दोन्ही देश समृद्ध, दोन्हीकडे मानक तेच. निकाल वेगळा, कारण व्यवस्था वेगळी. म्हणून प्रकल्प उभारा, हे मलाही मान्य आहे. पण प्रकल्प होईपर्यंत सवलत चालू ठेवायची आणि शब्द छापत राहायचे, हा क्रम मान्य नाही. सूट एकदा रुळली की तिच्यावर कारखाने उभे राहतात, कर्जे निघतात, आणि मग प्रकल्प उभारण्याची घाई कुणालाच उरत नाही.

तिसरा आक्षेप लहान उद्योजकांच्या बाजूने येतो: ज्यांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून महागडी यंत्रे आणि दाणा घेतला, त्यांना आता दंड का? त्यांना दंड नकोच. प्रमाणपत्राप्रमाणे माल बनवणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान खोटे हिरवे पान छापणारा करतो, आणि अर्थ स्पष्ट झाला तर प्रामाणिक माणूसच टिकतो. शिवाय या मालासाठी खरी, मोठी जागा शेतात आहे. टोमॅटो, मिरची, कलिंगड, स्ट्रॉबेरी यांच्या वाफ्यांवर अंथरला जाणारा मल्चिंग पेपर आज मुख्यतः पॉलिथिनचा असतो. हंगामानंतर तो फाटतो, मातीला चिकटतो, सगळा निघत नाही. शेतकरी उरलेला बांधावर जाळतो किंवा रोटाव्हेटरने मातीत मिसळतो. इथे वस्तू गोळा करणे शक्यच नाही, म्हणून मातीतच मोडणारे प्लास्टिक हेच खरे उत्तर आहे. त्यासाठी युरोपात २०१८ पासून ईएन १७०३३ हे वेगळे मानक आहे: मातीत, सामान्य तापमानाला, दोन वर्षांच्या आत ९० टक्के विघटन. जागा कोणती हे त्या मानकात आधीच लिहिलेले आहे. राज्याच्या अनुदानाचा ओघ मिठाईच्या पिशवीपेक्षा अशा मल्चिंगकडे वळला तर त्या कारखान्यांना काम मिळेल आणि जमिनीत प्लास्टिकचा थर साचणेही थांबेल.

ग्राहक एवढा बारीक मजकूर वाचणार नाही, असेही म्हटले जाते. म्हणूनच बारीक मजकूर नको, योग्य शब्द हवा. अमेरिकेत १९८९ मध्ये एका मोठ्या कंपनीने कचऱ्याच्या पिशव्यांवर ‘डिग्रेडेबल’ छापले आणि वर्षभरात सात राज्यांच्या महाधिवक्त्यांनी तिला न्यायालयात खेचले. पुढे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्गदर्शक तत्त्वे आखली. त्यात आज कसोटी अशी आहे, की ग्राहक ती वस्तू जिथे नेहमी टाकतो तिथे ती एका वर्षात पूर्ण मोडत नसेल, तर विघटनाचा बिनशर्त दावा फसवा समजावा. वस्तू प्रयोगशाळेत काय करते हे नव्हे, ती रोज जिथे जाते तिथे काय करते, ही ती कसोटी. कॅलिफोर्नियाने तर प्लास्टिकच्या वस्तूंवर ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द छापायलाच मनाई केली आहे. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दाव्याला पुरावा आणि स्पष्टीकरण हवे, असे त्या सांगतात. पिशवीवरच्या हिरव्या पानाला त्या लावायला नवा कायदा लागत नाही.

राज्याने करण्यासारखे काम त्यामुळे फार मोठे नाही. प्लास्टिकवर नुसते ‘बायोडिग्रेडेबल’ छापणे बंद करावे. ‘कंपोस्टेबल’ असे छापायचे तर त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीत, ‘फक्त औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात, घरच्या खतात, गांडूळखतात किंवा रस्त्यावर नाही’ असे लिहिणे सक्तीचे करावे. आणि २०२२ ची सवलत सरसकट न ठेवता ती महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीनुसार द्यावी: ज्या शहराचा प्रकल्प आम्ही या वस्तू ओल्या कचऱ्यासोबत घेतो, त्यांना लागणारे तापमान आणि दिवस आमच्याकडे आहेत असे लेखी देईल आणि त्याची नोंद लोकांसमोर ठेवेल, त्या शहरात त्या विकाव्यात. जिथे असा प्रकल्प नाही, तिथे कापडी पिशवी, कागद, पत्रावळ, धुऊन वापरायचे स्टील हे पर्याय आहेतच, आणि ते प्लास्टिकबंदीच्या पहिल्या वर्षात लोकांनी कुरकुरत का होईना पण स्वीकारायला सुरुवात केली होती. सुरुवात बंदिस्त जागांपासून करता येईल. एखाद्या कारखान्याचे किंवा विद्यापीठाचे उपाहारगृह, जिथे ताटली देणारा आणि कचरा उचलणारा एकच असतो, तिथे पिशवी कुठून कुठे गेली याचा हिशेब ठेवता येतो. तिथल्या ढिगाचे तापमान रोज नोंदवावे, चाळणीवर किती तुकडे राहिले ते वजन करून लिहावे आणि ते आकडे दर महिन्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाहीर करावेत.